शब्दाची नक्कल आणि जागेचा हिशेब

अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत डेनिस रिची यांनी १९७२ च्या सुमारास सिद्ध केलेली सी ही संगणकाची भाषा आजही असंख्य यंत्रांच्या अंतरंगात वावरत आहे. तिचा स्वभाव मोठा काटकसरी. एखादे नाव साठवावयाचे, तर स्मृतीत त्याचे बाइट ओळीने मांडावयाचे आणि शेवटी शून्य मूल्याचा एक बाइट ठेवावयाचा. तेथे नाव संपले. प्रोग्रॅमच्या हाती राहतो तो केवळ पहिल्या बाइटचा पत्ता.

नवशिक्याची फसगत होते ती येथेच. नाव उतरून घेतले असे त्यास वाटते. प्रत्यक्षात उतरलेला असतो पत्ता. घर एकच, चिठ्ठ्या मात्र दोन! एका चिठ्ठीवरून जाऊन कोणी भिंत रंगविली, तर दुसरी चिठ्ठी बाळगणाऱ्यासही ती रंगलेलीच दिसावयाची.

खरी नक्कल हवी असेल, तर आधी लांबी मोजावी, मॅलॉककडून तेवढी नवी जागा मागावी आणि मग मजकूर तेथे उतरवावा. परंतु लांबी मोजणारे स्ट्रलेन शेवटचे शून्य मोजीत नाही. ‘इंदूर’ हे नाव यूटीएफ-८ पद्धतीने साठविल्यास त्यातील पाच चिन्हांना प्रत्येकी तीन, असे १५ बाइट लागतात. जागा मागावयाची ती १६ बाइटांची. एक कमी मागितला, तर ते शून्य हद्दीबाहेर जाऊन पडते. त्यातली खरी खोडी अशी, की प्रोग्रॅम बहुधा त्याच दिवशी बिघडत नाही. पुढे केव्हातरी भलत्याच ठिकाणी कोसळतो.

ही सारी कामे स्ट्रडप एकट्याने करते. सीच्या १९८९ च्या प्रमाणसंहितेत त्याला स्थान नव्हते. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या सी-२३ मध्ये ते मिळाले. सोय खरी, पण तिच्या नावात जागा उसनी घेतल्याची खूण दिसत नाही. ती जागा फ्रीच्या द्वारे परत करणे हे नक्कल मागणाऱ्याचेच काम आहे, आणि तेही एकदाच. ‘इंदूर’च्या दहा लाख नकला करून एकही परत केली नाही, तर निदान १.६ कोटी बाइट अडकून पडतात. उलट एकच जागा दोनदा परत केली, तर स्मृतीची सारी वहीच विसकटण्याचे भय. जागा मुळीच मिळाली नाही, तर स्ट्रडप शून्य पत्ता देते. तो तपासल्यावाचून पुढे जाऊ नये.

जागा परत करताच हातातील पत्त्याच्या ठिकाणी शून्य लिहून ठेवण्याची जाणत्यांची रीत आहे. शून्य पत्ता फ्रीच्या हवाली केला तरी काही बिघडत नाही, अशी तरतूद प्रमाणसंहितेतच आहे.