'राजवाडा' : एका शब्दाची व्याप्ती

पापनाशम ज्या तंजावर राज्यात मोडत असे, तेथील भोसल्यांचा राजवाडा मूळचा नायकांचा. तमिळमध्ये राजवाड्याला 'अरण्मनै', म्हणजे संरक्षित घर, म्हणतात. 'कोयिल' म्हणजे राजगृह. आज तो शब्द देवालयवाचक आहे. संस्कृत 'प्रासाद'ही राजा आणि देव दोघांचा. अरबी 'महाल' म्हणजे उतरण्याचे ठिकाण. मराठीत तो महसुली विभागही झाला. 'वाडा' हा शब्द मात्र संस्कृत 'वाट', म्हणजे कुंपण घातलेली जागा, यावरून आला. म्हणूनच तो राजाचा, गुरांचा आणि गावकुसाबाहेर ठेवलेल्या वस्तीचाही होतो. कुंपण एकच, आत कोण आणि बाहेर कोण, यावर त्याची प्रतिष्ठा ठरते. १८५५ मध्ये तंजावरचे राज्य खालसा झाले. परंतु राजवाड्याच्या आवारातील 'सरस्वती महाल' ग्रंथालय टिकले. तेथे आज राजे नाहीत, हस्तलिखिते आहेत.