एचपीव्ही लस: मुलीला द्यावी का?

जालना एमआयडीसीतल्या कामगार आईबापांनाही हा प्रश्न पडतो.

फायदा: गर्भाशयमुखाच्या सुमारे ७० टक्के कर्करोगांमागे एचपीव्हीचे १६ आणि १८ हे प्रकार असतात. लस दोन्हींना रोखते.

धोका: दंड दुखणे, ताप, कधी भोवळ, म्हणून टोचल्यावर १५ मिनिटं बसवतात. तीव्र अ‍ॅलर्जी अत्यंत विरळ.

मग भीती कुठून आली? आंध्र-गुजरातमधल्या लस प्रकल्पात सात मुली दगावल्या आणि २०१० मध्ये तो थांबला. चौकशीत मृत्यूंचा लसीशी संबंध सिद्ध झाला नाही; संमती घेण्यातल्या त्रुटी मात्र उघड झाल्या. म्हणजे पालकांना नीट समजावून सांगणं हाही लसीकरणाचाच भाग.

लस आधीचा संसर्ग बरा करत नाही, म्हणून ९ ते १४ हे वय उत्तम. आईसाठी तपासणी: मराठवाड्यातल्याच उस्मानाबाद (आताचं धाराशिव) जिल्ह्यातल्या २००९ च्या अभ्यासात एकाच एचपीव्ही तपासणीमुळे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले.

लेकीला लस, आईला तपासणी.