आजीचा संडे

संडे म्हणजे काय? उशिरा उठायचं, पोह्यांवर ताव मारायचा, दुपारी मल्टिप्लेक्स आणि रात्री दहाच्या सुमारास पोटात मंडेचा गोळा! पण तुमच्या ऑफिसात एखादी रुथ किंवा एखादा सॅम्युअल असेल ना, तर त्यांना विचारून बघा. त्यांच्या घरी संडेचा चार्ज आजीकडे असतो. सगळ्यांच्या आधी तिची आंघोळ. कडक इस्त्रीची साडी. पिशवीत बायबल आणि 'उपासना संगीत'. आणि मग दारातून हाक, "झालं का रे तुमचं? उपासनेची वेळ झाली!"

या रुथला आपण हमखास एक प्रश्न विचारतो, "तू गोव्याची का गं?" ती सांगते, "नाही, केळापूरची." आणि आपण गप्प! कारण यवतमाळ जिल्ह्यातलं केळापूर म्हटलं की आठवते ती जगदंबा, पांढरकवड्याचा कापूस, आणि नागपूरहून हैदराबादकडे धावणारा हायवे. इथे मराठीतून प्रार्थना करणारी, घरात वरण-भात-भाजी खाणारी ख्रिस्ती कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या राहतात हे आपल्या गावीही नसतं. यवतमाळात फ्री मेथडिस्ट मिशन आलं ते एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस. पांढरकवड्याच्या वाटेवर उमरीचं मिशन हॉस्पिटल आहे. युनियन बिब्लिकल सेमिनरी १९५३मध्ये यवतमाळातच सुरू झाली आणि १९८३मध्ये पुण्याला गेली.

रुथची आजी दर संडेला न चुकता चर्चला का जाते? सवय म्हणून? आजोबा जायचे म्हणून? आपल्याला तसंच वाटतं. म्हणून आज एका अशा आजीची गोष्ट, जिनं ही सवय चांगली पाच वर्षं विचार करून लावून घेतली. तिचं नाव लक्ष्मीबाई टिळक.

मीठसुद्धा धुणारं घर

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८चा, नाशिकजवळच्या जलालपूरचा. माहेरचं नाव मनू गोखले. वडिलांचं सोवळं असं कडक, की बाजारातून आलेलं मीठसुद्धा धुऊन घ्यायचे! १८८०मध्ये, अकरा-बारा वर्षांची असताना, मनूचं लग्न झालं. नवरा नारायण वामन टिळक. कवी, वक्ता, आणि पैशाच्या बाबतीत संपूर्ण बेहिशेबी. आज या गावात, उद्या त्या गावात. हातात आलेला पैसा घरी पोचेलच याची गॅरंटी नाही. जरा पाय टेकले ते नागपुरात, आणि तिथूनच सगळं बदललं.

१८९३मध्ये टिळक नागपूरहून राजनांदगावला निघाले होते. रेल्वेच्या डब्यात एक मिशनरी भेटला, अर्नेस्ट वॉर्ड. तोही फ्री मेथडिस्टच, म्हणजे केळापूरच्या रुथच्या घराण्याला ठाऊक असलेल्याच मिशनचा. गप्पा रंगल्या. वॉर्डनं टिळकांना बायबल दिलं आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असं सांगितलं, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. १० फेब्रुवारी १८९५ला टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. बायकोला विश्वासात न घेता!

पाच वर्षांचा 'विचार करते'

आता क्षणभर लक्ष्मीबाईंच्या जागी उभ्या राहा. वय सव्वीस. पदरात लहानगा दत्तू. स्वतःची कमाई शून्य. नवरा जिवंत आहे, पण त्याच्या घरी पाणी प्यायलं तरी जात जाणार. त्या वेळी हा नुसता वाक्प्रचार नव्हता. माहेर, सासर, पंगत, मुलाची मुंज, सगळंच पणाला लागलेलं. त्या नातेवाइकांकडे राहिल्या, पंढरपूरला राहिल्या. रडल्या, आजारी पडल्या, नवऱ्यावर चिडल्या. पुढे टिळकांकडे अहमदनगरला (आजच्या अहिल्यानगरला) गेल्या, त्या हिंदू म्हणूनच. स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळं, सोवळं तसंच.

आपण धरून चालतो, की त्या काळात नवरा जिकडे तिकडे बायको. इथे तसं झालं नाही. नवऱ्याच्या सांगण्यावरून त्यांनी धर्म बदलला नाही, आणि लोकांच्या सांगण्यावरून नवराही सोडला नाही. आधी त्यांच्या मनातून जात गेली. माणसं देवानं केली, मग त्यात उच्च-नीच कुणी केलं? हा प्रश्न त्यांनी स्वतःलाच विचारला, आणि उत्तर पटल्यावर कुणाच्याही हातचं खायला-प्यायला लागल्या. धर्माचा निर्णय त्यानंतरचा. १९००मध्ये त्यांनी आणि दत्तूनं बाप्तिस्मा घेतला.

मीठ धुणाऱ्या घरातली ही मुलगी, त्यानंतर तिनं काय केलं? दुष्काळात उघडी पडलेली पोरं घरात घेतली, त्यांना न्हाऊ-माखू घातलं, जेवू घातलं. प्लेगच्या काळात आजारी मुलींची शुश्रूषा केली. तिच्या भक्तीला असा रोजचा वास होता, चुलीचा आणि औषधाचा.

आई, आजी, लेखिका

९ मे १९१९ला टिळक गेले. लक्ष्मीबाईंचं वय पन्नाशीला टेकलेलं. 'आता देव-देव करत बसा' असं सांगण्याचं हक्काचं वय! बाईंनी देव-देव केलं, पण बसल्या नाहीत. मुंबईत मुलींच्या वसतिगृहात मेट्रनचं काम केलं. मुलाबरोबर कराचीला गेल्या. तिथे सून, नातवंडं, नवं शहर. हिंदू घरातून येताना कीर्तनाची गोडी बरोबर आलीच होती, त्यामुळे ख्रिस्ताची गोष्टही त्या कीर्तनातून सांगायच्या. टिळकांनी तर चर्चमध्ये अभंग आणि भजन आणलंच होतं. आज मराठी चर्चमध्ये तुम्ही गेलात आणि एखादं गाणं थेट वारकऱ्यांसारखं वाटलं, तर बहुधा ते टिळकांचं असतं.

टिळकांचं 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य जेमतेम सुरुवातीच्या अध्यायांनंतर थांबलं होतं. ते पूर्ण करायला कोण बसलं? शाळेचं तोंड न पाहिलेल्या, नवऱ्याकडून घरातच अक्षरं गिरवलेल्या लक्ष्मीबाई! पुढचे ६४ अध्याय त्यांचे आहेत. १९३३मध्ये नागपूरच्या मराठी ख्रिस्ती साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी त्या होत्या. ज्या शहरात त्यांचा संसार पहिल्यांदा विस्कटायला लागला, त्याच शहरात.

आणि मग 'स्मृतिचित्रे'. मुलाला, म्हणजे देवदत्त टिळकांना, वडिलांचं चरित्र लिहायचं होतं. म्हणून त्यांनी आईला आठवणी लिहून द्यायला सांगितल्या. टिपणं मागितली आणि हाती लागलं मराठीतल्या सर्वोत्तम आत्मचरित्रांपैकी एक! १९३४ ते १९३६ या काळात ते चार भागांत आलं. भाषा कशी? स्वयंपाकघरात बसून शेजारणीशी बोलावं तशी. दुःखाचे डोंगर सांगतानाही बाई स्वतःवर हसतात. आणि नवऱ्याची टोपीही उडवतात, अगदी तो 'रेव्हरंड' झाल्यावरसुद्धा. २४ फेब्रुवारी १९३६ला लक्ष्मीबाई नाशिकला गेल्या. पुढे नातू अशोक देवदत्त टिळक यांनी आजीचं हे पुस्तक संपादित करून पुन्हा वाचकांसमोर आणलं. विजया मेहतांनी त्यावर चित्रपट केला. २०१७मध्ये शांता गोखले यांनी ते नव्यानं इंग्रजीत नेलं. म्हणजे 'मराठी वाचायला वेळ नाही' ही सबबही आता चालणार नाही!

तुमची टर्न

आता पुन्हा आपल्या रुथकडे. तिची आजी लक्ष्मीबाई नाही, मान्य. तिनं महाकाव्य लिहिलं नसेल. पण नवऱ्याच्या आजारपणात, पोराची नोकरी गेली तेव्हा, कापसाला भाव नव्हता त्या वर्षी, ती कुणाशी बोलली? संडेला त्या बाकावर डोळे मिटून ती काय मागते? तिच्याही आजीनं कधीतरी काहीतरी सोडलं असेल, काहीतरी धरलं असेल. घरात कुणाला ते माहीत आहे का?

हे फक्त ख्रिस्ती आजींना लागू नाही हं. तुमची आजी गुरुवारी मठात जात असेल, एकादशीला पंढरपूरला जात असेल, विहारात बसत असेल किंवा पाच वेळा नमाज पढत असेल. आपण तिला गाडीनं सोडतो, 'मिस्ड कॉल दे, घ्यायला येतो' म्हणतो आणि निघतो. 'तू का जातेस गं?' हे विचारायचं राहून जातं.

देवदत्त टिळकांनी विचारलं, म्हणून एक पुस्तक झालं. तुम्हाला तर लिहूनही घ्यावं लागणार नाही. येत्या संडेला आजीशेजारी बसा, फोनचं रेकॉर्डिंग सुरू करा आणि तिला म्हणा, "आजी, पहिल्यापासून सांग." आणि हो, ती बोलायला लागली की मध्येच व्हॉट्सअॅप उघडू नका!