हलगीचा तोडा : मोजून घ्या, समेवर या



गेल्या गौरी-गणपतीत पेठ वडगावात आमच्या गटानं लेझीम धरली. हलगी माझ्याकडं होती. हौसेनं मी लांबलचक तोडा घेतला आणि समेवर यायला चुकले. वीस जणींची पावलं एकमेकींत अडकली. कडेला कुणीतरी म्हणालं, "बायकांचं काम न्हवं हे." ते मनाला लागलं. पण चूक बाईपणाची नव्हती, मोजण्याची होती.

आपल्या कोल्हापूर भागात हलगी, घुमकं आणि कैताळ असा तिघांचा ताफा असतो. घुमकं खालचा जड ठोका देतं, कैताळ झणझणत लय धरतं आणि हलगी बोलते. परदेशी ड्रमसेटमध्येही हीच तीन कामं असतात. फरक एवढाच, की तिथं एकच माणूस हातापायांनी सगळं वाजवतो. अमेरिकेत 1909 साली पायानं ढोल वाजवायच्या पेडलचं पेटंट निघालं, तेव्हापासून ते सोपं झालं.

साधा ठेका चालू असताना मध्येच जो वेगळा तुकडा वाजतो, तो तोडा. ड्रमवाले त्याला 'फिल' म्हणतात. तो मिरवायला नसतो. "आता चाल बदलणार, सावध व्हा" हा खेळणाऱ्यांना दिलेला इशारा असतो.

घरी सराव असा करा. पालथा डबा घ्या. एक ते आठ सारखं मोजत प्रत्येक आकड्याला ठोका द्या, एक आणि पाचवर जोरात. अशी तीन आवर्तनं वाजवा. चौथ्या आवर्तनात तोडा घ्या: "ति-ट-धा, ति-ट-धा, ति-ट-धा". एका आकड्याला एकच अक्षर. अक्षरं नऊ आणि आकडे आठ, म्हणून शेवटचा 'धा' आपोआप पुढच्या 'एक'वर पडतो. तीच सम. तीनदा म्हणून संपते, म्हणून ही तिहाई.

तोड्यात हात पळतात, तेव्हा पायानं एक आणि पाच धरून ठेवा. ताफ्यात घुमकंवालीनं ठेका सोडायचा नाही. आधी तोंडानं म्हणा, मग हातानं वाजवा.

आणि ज्या कलावंत घरांनी पिढ्यान्‌पिढ्या हलगी जपली, त्यांच्याकडं जाऊन मानानं शिका, शिकवणीचे पैसेही द्या.

यंदा आम्ही तोडा छोटाच घेणार आहोत. पण वीस जणींची पावलं एकदम पडतील, बघा!