वर्षावासाचे मूळ आणि गीतवाद्याचा प्रश्न

देहूहून निघालेली संत तुकोबांची पालखी ज्येष्ठाच्या अखेरीस किंवा आषाढाच्या आरंभी बारामतीस पोहोचते. पुढे काटेवाडीत परीट समाज तिच्या वाटेवर धोतरांच्या पायघड्या अंथरतो, मेंढपाळ आपल्या मेंढ्या रथाभोवती धाववितात. बेलवाडीस अश्वांचे गोल रिंगण होते. मग निमगाव केतकी, इंदापूर आणि सराटी असे मुक्काम करीत पालखी नीरा नदी ओलांडते. तिला गेलेल्याला आठ-दहा दिवस होतात न होतात तोच आषाढ पौर्णिमा येते आणि याच गावांतील बुद्धविहारांत वर्षावासाच्या ग्रंथवाचनास प्रारंभ होतो.

दोन्ही गोष्टी एकाच पंधरवड्यात घडत असल्याने या दोन तालुक्यांतील धम्मबांधव आम्हांस दोन प्रश्न वारंवार विचारतात. आपला वर्षावास हे हिंदूंच्या चातुर्मासाचे अनुकरण आहे काय, हा पहिला. आपल्या पौर्णिमांना आणि जयंतीला वाद्ये असावीत काय आणि असल्यास कोणती, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर पालि ग्रंथांत स्वच्छ मिळते. दुसऱ्याचे तितके सरळ नाही. परंतु गावागावांत तरुण आणि वडीलधारे यांच्यात खरा वाद आहे तो त्याविषयीच.

विनयपिटकातील महावग्गात वस्सूपनायिकक्खन्धक नावाचे प्रकरण आहे. तथागत राजगृहाच्या वेळुवनात असता भिक्खू पावसाळ्यातही चारिका करीत. लोकांनी याविषयी तक्रार केली. इतर पंथांचे परिव्राजक पावसाळ्यात एके ठिकाणी राहतात, पक्षीसुद्धा झाडाच्या शेंड्यावर घरटे करून राहतात. शाक्यपुत्रीय श्रमण मात्र हिरवे तृण तुडवीत, लहानसहान जीव चिरडीत हिंडतात, असा त्या तक्रारीचा आशय होता. ती ऐकून तथागतांनी वर्षावासाची अनुज्ञा दिली. आषाढ पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी प्रवेश करावा, अथवा एक महिन्याने करावा, असे दोन काळ ठरले. उपोसथाचीही कथा अशीच आहे. अन्य परिव्राजक चतुर्दशी, पौर्णिमा-अमावास्या आणि अष्टमीस एकत्र जमतात, मग आपल्या संघानेही तसे का जमू नये, असे राजा बिंबिसाराने सुचविले आणि ती सूचना मान्य झाली.

यावरून दिसते ते असे की, पावसाळ्यात एके ठिकाणी राहण्याची रीत कोणा एका धर्माची नव्हे. ती ऋतूची आणि शेतीची रीत होती, ती सर्व श्रमणांत रूढ होती आणि भगवंतांनी ती लोकांच्या रास्त तक्रारीवरून स्वीकारली. तीन महिन्यांचा वर्षावास आणि त्यानंतरचा कठिन चीवराचा एक महिना मिळून पालि परंपरेतही चार महिनेच होतात. सामञ्ञफलसुत्तात राजा अजातशत्रू भगवंतांच्या भेटीस जातो ती रात्र कार्तिक पौर्णिमेची आहे आणि तिला तेथे 'कोमुदी चातुमासिनी' असेच म्हटले आहे. तेव्हा 'चार महिने' हा शब्द ऐकताच आपण परक्याची वस्तू उचलली, असे वाटून घेण्याचे कारण नाही. पेरणीचा 'वप्पमंगल' उत्सव सिद्धार्थाच्या बालपणाच्या कथेत येतोच. बैलपोळ्याला शेतकरी आपल्या बैलाला न्हाऊ घालतो, यात कृतज्ञता आहे. ती बौद्ध शेतकऱ्यानेही ठेवण्यास कोणता धम्म आड येतो?

वारीच्या मुळाविषयीही येथे दोन शब्द लिहिणे भाग आहे. परमपूज्य बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २५ डिसेंबर १९५४ रोजी देहूरोड येथे बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. पंढरपूरचा विठ्ठल म्हणजे मूळचा बुद्ध होय, हे आपण सिद्ध करू, असे त्यांनी त्या प्रसंगी सांगितले. तो ग्रंथ पुरा होण्यापूर्वीच त्यांचे महापरिनिर्वाण झाले. हा प्रश्न शिल्प, शिलालेख आणि स्थलपुराणे यांच्या चिकित्सेचा आहे. पालखीच्या वाटेवर उभे राहून वारकऱ्याशी घालावयाच्या वादाचा नव्हे, असे आमचे मत आहे.

मगधात आषाढ पौर्णिमेस नद्यांना पूर येऊ लागतात. बारामतीचा पूर्वभाग आणि इंदापूर तालुका मात्र पर्जन्यछायेत आहे. वर्षाचा पाऊस सरासरी पाचशे-साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास, आणि त्याचा मोठा वाटा उत्तरा-हस्त नक्षत्रांत पडणारा. नीरा डाव्या कालव्याखाली ऊस उभा असतो; परंतु कालव्याबाहेरच्या शिवारात वर्षावासाच्या आरंभी पुष्कळदा धूळच उडते आणि वर्षावास संपत आला की शाळू ज्वारीच्या पेरणीची घाई होते. येथे हिरवे तृण तुडविले जाण्याचा प्रश्न फारसा येत नाही. मग वर्षावास कशासाठी?

याचे उत्तर शोधताना आम्हांस सोण कुटिकण्ण या भिक्खूची आठवण होते. तो अवंतीचा, महाकच्चान स्थविरांचा शिष्य. अवंती-दक्षिणापथात भिक्खू इतके थोडे की त्याच्या उपसंपदेसाठी दहा जणांचा गण जुळविण्यास तीन वर्षे लागली. पुढे तो श्रावस्तीस भगवंतांच्या दर्शनास निघाला, तेव्हा स्थविरांनी त्याच्याबरोबर काही विनंत्या पाठविल्या. आमच्याकडे भिक्खू थोडे आहेत. आमच्याकडची भूमी काळी, कठीण आणि गुरांच्या खुरांनी खडबडीत झालेली आहे. भगवंतांनी सीमावर्ती जनपदांसाठी पाच जणांचा गण मान्य केला आणि जाड तळाच्या पादत्राणांची अनुज्ञा दिली. इंदापूरच्या काळ्या रानात उन्हाळ्यात चाललेल्या माणसाला त्या खडबडीत भूमीचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही. देश आणि काल पाहून नियमाची रीत बदलते, हेतू बदलत नाही, याचे याहून चांगले उदाहरण विनयात विरळाच.

आपल्या बहुसंख्य गावांत आजही निवासी भिक्खू नाहीत. पालि अर्थाने वर्षावास हा भिक्खूंचा. उपासकांनी तीन महिने रोज सायंकाळी विहारात जमून बाबासाहेबांचा 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' वाचणे ही आपण घातलेली प्रथा आहे. मूळ इंग्रजी ग्रंथ १९५७ मध्ये प्रसिद्ध झाला, त्याअर्थी ही प्रथा अगदी अलीकडची. तिला 'धम्मश्रवण' म्हणणे अधिक काटेकोर होईल. तरी 'वर्षावास' हे नाव लोकांच्या तोंडी बसले आहे आणि ते काढून घेण्याचा आग्रह आम्ही धरीत नाही.

आता गीतवाद्याचा प्रश्न. इंदापूर तालुक्यातील एका गावी जयंतीच्या मिरवणुकीसाठी तरुणांनी हलगीचा ताफा ठरविला, तेव्हा एक वृद्ध उपासक विहारातून उठून गेले. त्यांच्या वडिलांनी गावकीत वाजविण्याचे काम केले होते आणि धम्मदीक्षेनंतर ते वाद्य घरातून बाहेर काढले होते. दवंडी, सांगावा, मेलेली गुरे ओढणे यांप्रमाणेच अनेक गावांत वाजविणे हेही वतनदारीचे ओझे होते. १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ वतने गेली. पण पुष्कळांनी त्याआधीच स्वाभिमानाने ती कामे सोडली होती. तरुणांचे म्हणणे असे की, वाद्याला जात नसते. वाजविण्याची सक्ती गेली, आता आम्ही आपल्या आनंदासाठी ते वाजवितो. आम्हांस दोघांचेही म्हणणे समजते. मात्र त्या वृद्धांना न विचारता ताफा ठरविला गेला, हे आम्हांस योग्य वाटले नाही.

गीताविषयी विनयाची भूमिका बारकाईने पाहावी. काही भिक्खू लांबलचक गायनी सुरात धम्म म्हणू लागले, तेव्हा भगवंतांनी त्यातील पाच दोष दाखविले. गाणारा आपल्याच सुरावर लुब्ध होतो, ऐकणारे सुरावर लुब्ध होतात, गृहस्थ टीका करतात, सूर साधण्याच्या नादात समाधी मोडते आणि मागून येणारे तेच उचलतात. त्याचबरोबर सरभञ्ञ, म्हणजे सुस्वर पठण, त्यांनी मान्य केले. सोण कुटिकण्णाने अट्ठकवग्गाची सोळा सुत्ते सुस्वर म्हटली, तेव्हा भगवंतांनी त्याची प्रशंसा केली. सक्कपञ्हसुत्तात पंचसिख वीणेवर गातो, त्याचे गीत तर चक्क प्रेमगीत आहे. तरी तारांचा स्वर आणि कंठाचा स्वर एकमेकांशी जुळल्याचे भगवंत कौतुकाने सांगतात. उलट 'समज्ज' म्हणजे नाचगाण्याचे मेळे पाहत हिंडण्याचे तोटे सिगालसुत्तात आले आहेत. सम्राट अशोकानेही आपल्या पहिल्या शिलालेखात समाज भरविण्यास मनाई केली आणि काही समाज आपणांस मान्य आहेत, अशी पुस्तीही तेथेच जोडली.

आपल्या माताभगिनींनी सरभञ्ञाचा मार्ग न शिकता साधला होता. जात्यावरील ओव्यांचा जो मोठा संग्रह हेमा राईरकर आणि गी पॉइटवां यांच्या प्रयत्नांतून झाला, त्यात एक लाखाहून अधिक ओव्या असून इंदापूर तालुक्यातील निमगाव केतकीच्या स्त्रियांचाही त्याला हातभार आहे. त्या संग्रहात पंढरीच्या ओव्या आहेत, तशाच भीमरायावरच्याही आहेत. पिठाची गिरणी आली आणि जात्याबरोबर ओवीही गेली. पुरुषांकडे १९३० नंतरच्या दशकात आंबेडकरी जलसे आले, पुढे वामनदादा कर्डकांची गीते आली. या गीतांत शब्द आधी ऐकू येतो, सूर त्याच्या पाठीमागून चालतो.

मिरवणुकीतील डीजेच्या भिंतींपुढे तो शब्दच ऐकू येईनासा झाला आहे. संयुत्तनिकायात दसारह लोकांच्या आणक नावाच्या मृदंगाची उपमा आहे. त्याला तडा गेला की ते नवी खुंटी ठोकीत. असे करता करता मूळ लाकूड नाहीसे झाले आणि खुंट्यांचा सांगाडा तेवढा उरला. लोक पुढे गंभीर सुत्ते ऐकणार नाहीत, नटव्या काव्यरचनांकडेच कान देतील, असे भगवंतांनी या उपमेतून सांगितले. आम्ही हलगीच्या विरुद्ध नाही, गीताच्या तर नाहीच. परंतु ज्या गावात डीजेसाठी वर्गणी सहज जमते आणि वर्षावासाच्या वाचनास मात्र पाच माणसेही बसत नाहीत, त्या गावाचे लाकूड किती उरले आहे, हे तेथील कार्यकर्त्यांनी मोजावे.

अश्विन पौर्णिमेस भिक्खू पवारणा करतात. माझा दोष कोणी पाहिला, ऐकला किंवा त्याची शंका आली असेल तर मला सांगा, अशी विनंती ज्येष्ठतम स्थविरही संघाला करतो. कोसल देशात काही भिक्खूंनी भांडण टाळण्यासाठी तीन महिने मौन धरले होते. ते जनावरांसारखे एकत्र राहणे झाले, असे म्हणून भगवंतांनी ही रीत घालून दिली. इंदापूर तालुक्यातील एका विहारात उपासकांनी तिचे अनुकरण केलेले आम्ही पाहिले. ग्रंथाचे वाचन पूर्ण झाल्यावर वर्षाच्या दानाचा हिशेब वाचून दाखविला गेला आणि कोणास काही सांगावयाचे असल्यास सांगावे, असे अध्यक्षांनी म्हटले. बराच वेळ कोणी बोलले नाही. मग मागे बसलेल्या एक आजीबाई म्हणाल्या की, वाचणारा मुलगा फार घाईने वाचतो आणि कर्ण्यातून काहीच कळत नाही. शिवाय बाया रानातून येईपर्यंत अर्धे वाचन होऊन गेलेले असते. पुढील वर्षी वाचन अर्धा तास उशिरा सुरू करावे आणि कर्णा बंद ठेवावा, असे तेथेच ठरले.