बरणींतले बेडूकमासे

जून महिन्यांत शाळा उघडतात, आणि त्याच सुमारास पहिल्या पावसानें भरलेल्या डबक्यांतून बेडकांचा संसारहि सुरू होतो. हा योग शिक्षकांच्या फार सोयीचा आहे. एखादा विद्यार्थी मैदानाच्या कडेच्या डबक्यांतून काळे मणी ओंवलेली चिकट दोरी बाटलींत घालून आणतो. हीं खडबडीत कातडीच्या भेकाचीं अंडीं. भेकाची मादी तीं माळेसारखीं घालते, बेडकाची पुष्कळदां पुंजक्यानें.

दोन-तीन दिवसांत अंड्यांतून जीव बाहेर पडतो. पण त्यास अद्याप तोंड नसतें. पोटांतील बलकावर गुजराण करीत तो शेवाळास चिकटून राहतो. मग तोंड फुटतें, बाहेरचे झुपकेदार कल्ले कातडीखालीं झांकले जातात, आणि इवल्या चोंचीनें शेवाळ खरवडणें सुरू होतें. उकडलेला पालक चिमूटभर घातला तरी पुरतो. मुलांची माया मात्र चिमटींत मावत नाहीं. उरलेला पाला कुजतो आणि पाणी नासतें. नळाचें पाणीहि एक दिवस उघडें ठेवून मगच बरणींत ओतावें, कारण त्यांतील क्लोरीन कोवळ्या कल्ल्यांस सोसत नाहीं.

आधीं मागचे पाय दिसूं लागतात. पुढचे पाय कल्ल्यांवरील पडद्याआड तयार होत असतात व एके दिवशीं एकदम बाहेर येतात. याच वेळीं बेडूकमासा खाणें सोडतो. मुलांस वाटतें, हा आजारी पडला. वस्तुतः त्याची चोंच गळून तोंड रुंद होत असतें, आणि पाला पचविणारें लांबलचक आंतडें आंखूड होत असतें. अशा वेळीं खाणार तो कसा? शेपटी तुटून पडते ही समजूत मोठ्या माणसांतहि आढळते. मुलें ती बरणीच्या तळाशीं शोधतात, पण ती सांपडत नाहीं. शरीरच ती विरघळवून शोषून घेतें. उपवासाच्या दिवसांतील शिदोरी तीच.

या सर्व घडामोडींस चालना देणारा रस घशांतील अवटु ग्रंथींतून पाझरतो. गुडरनाच या शास्त्रज्ञानें १९१२ सालीं सस्तन प्राण्यांची ही ग्रंथि बेडूकमाशांस खाऊं घातली, तेव्हां त्यांची वाढ खुंटली, परंतु रूपांतर अकालींच होऊन अगदीं चिमुकले बेडूक तयार झाले. वाढणें आणि बदलणें या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हें त्यावरून दिसून आलें.

बरणींतला खरा धोका मात्र याच आठवड्यांतला. कल्ले नाहींसे होऊन आतां श्वास फुप्फुसांनीं घ्यावयाचा असतो. बरणी कांठोकांठ भरलेली व तिच्या भिंती गुळगुळीत. चढण्यास जागा नसेल तर महिनाभर पाण्यांत वाढलेला जीव त्याच पाण्यांत बुडून मरतो. शनिवारीं शाळा सुटतांना चार पाय फुटलेले पाहून मुलें आनंदानें घरीं जातात, आणि सोमवारीं सकाळीं तेंच पिलू निश्चल तरंगतांना आढळतें. पाणी दोन बोटें ठेवून त्यांत एक ओबडधोबड उतरता दगड टाकला असता, तर हें टळतें.

दगडावर येऊन बसलेला भेक बोराच्या आठळीएवढा असतो. पालकाकडे तो आतां ढुंकूनहि पाहत नाहीं. त्यास हलणारें, जिवंत भक्ष्य हवें, आणि तेंहि मुंगीहून लहान. वर्गांत तें पुरविणें कठीण. म्हणून त्यास त्याच दिवशीं, जेथून अंडीं आणलीं त्या डबक्याच्या कांठच्या ओल्या गवतांत सोडावें. ऊन उतरल्यावर सोडलें तर अधिक बरें.