किल्ली, चष्मा आणि बंदराचे गढूळ पाणी
मुंबईचे बंदर आणि त्याचे प्रवासी : लेखांक सातवा

भरती-ओहोटीच्या वेळा आणि लाँचच्या फेऱ्या यांचा संबंध मागील लेखांकात पाहिला. त्याच भरती-ओहोटीमुळे प्रवाशांच्या हातातील लहान वस्तू समुद्रात कशा जातात, गेल्यावर परत का मिळत नाहीत आणि त्या जाऊ नयेत म्हणून काय करता येते, हा या लेखांकाचा विषय आहे.

वस्तू बहुधा भर समुद्रात हरवत असतील अशी समजूत असते. परंतु चढण्या-उतरण्याचे काही क्षण त्याहून अधिक धोक्याचे असतात. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास येणाऱ्या मोठ्या भरतीला उधाण आणि अष्टमीच्या सुमाराच्या लहान भरतीला भांग म्हणतात. उधाणाच्या दिवसांत मुंबई बंदरात भरती आणि ओहोटी यांच्या पातळीत चार मीटरांहून अधिक फरक पडू शकतो, त्यामुळे गेटवे ऑफ इंडियाच्या दगडी पायऱ्यांपैकी ओहोटीला उघड्या पडणाऱ्या पायऱ्या शेवाळलेल्या असतात आणि लाँच प्रत्येक वेळी वेगळ्या उंचीवर उभी असते. कित्येकदा दोन-तीन लाँच एकमेकींना लागून असतात व एकीवरून दुसरीवर जावे लागते. अशा वेळी तोल सावरण्यासाठी हात आपोआप कठड्याकडे किंवा खलाशाकडे झेपावतो, आणि त्या हातात असलेली किल्ली किंवा मोबाईल दोन लाँचमधल्या फटीत जातो. प्रवासातला दुसरा धोक्याचा प्रसंग हिवाळ्यात मांडव्याच्या वाटेवर येतो, जेव्हा लाँचमागे उडणारे कुरव पक्षी, ज्यांना प्रवासी सीगल म्हणतात, टिपण्यासाठी प्रत्येक मोबाईल कठड्याबाहेर धरलेला असतो.

पडलेली वस्तू शोधण्याचा विचार येथे बहुतेक व्यर्थ ठरतो. बंदराच्या पाण्यात गाळ तरंगत असल्याने थोड्याच खोलीवर काही दिसत नाही, तळ मऊ चिखलाचा आहे आणि भरती-ओहोटीचा प्रवाह तो चिखल सतत हलवत असतो. धातूची वस्तू काही सेकंदांत तळाशी जाते आणि रुतते. त्याहून गंभीर गोष्ट अशी की वस्तू निसटताच माणूस तिच्यामागे वाकतो, आणि तोल जाण्याचे ते मोठे कारण आहे. म्हणून या विषयाकडे केवळ नुकसानीचा प्रश्न म्हणून पाहणे चुकीचे होईल; बांधलेली किल्ली ही माणसालाही बोटीत ठेवते.

वस्तू अंगाला बांधण्याची सवय मराठी माणसाला नवी नाही. गिरणगावातील चाकरमानी भाऊच्या धक्क्यावरून आगबोटीने कोकणात जात, तेव्हा तेथील अनेक बंदरांत काठापर्यंत पुरेशी खोली नसल्याने आगबोट दूर नांगर टाकून उभी राही आणि वळकट्या, ट्रंका, लेकरे यांच्यासह उतारूंना हेलकावणाऱ्या पडावात उतरावे लागे. दोन्ही हात गुंतलेले असताना मौल्यवान वस्तू अंगालाच असणे भाग होते, आणि त्या काळच्या पोशाखात तिची जागा ठरलेली होती: धोतराच्या कमरेवरील घडीत, म्हणजे कनवटीला, पैसे, कमरेला बांधण्याच्या लांबट कापडी पिशवीत, म्हणजे कशात, मोठी रक्कम, अनेक कप्प्यांच्या आणि दोरीने गुंडाळायच्या चंचीत पान-सुपारी, जानव्याला किंवा करगोट्याला किल्ली, बायकांच्या पदराच्या टोकाला गाठ मारून सुटी नाणी. कोळ्याच्या कमरेच्या वस्त्राला, म्हणजे सुरक्याला, तर खिसाच नसतो. खिसा आल्यावर ही सारी व्यवस्था मागे पडली. खिसा वस्तू सामावतो, पण माणूस वाकला की ती सोडूनही देतो, हा त्याचा दोष वरच्या उघड्या खिशाच्या बाबतीत विशेष जाणवतो.

निघण्यापूर्वीच वस्तू काढून ठेवण्याची रीतही घराघरांत आहे. गणपतीची उत्तरपूजा, म्हणजे निरोपाची पूजा, झाल्यावर मूर्तीचे दागिने, चांदीचा दूर्वांचा हार आणि मुकुट उतरवून मगच मूर्ती गिरगाव किंवा दादर चौपाटीकडे नेली जाते, आणि कंबरभर पाण्यात जाणाऱ्याने स्वतःची अंगठी व पाकीट घरच्या कोणाच्या हाती देऊन जाणे हा त्याच विचाराचा साधा विस्तार आहे. लाँचच्या प्रवासालाही तो पूर्णपणे लागू पडतो.

जे बरोबर न्यावेच लागते, ते बांधावे. परंतु कसे, हे महत्त्वाचे आहे. ओढताच सुटणारी सुरगाठ येथे निरुपयोगी असून ताण पडल्यावर घट्ट बसणारी निरगाठ हवी, आणि दोरीचे दुसरे टोक कमरपट्ट्याला किंवा पिशवीच्या आतल्या कडीला असावे. गळ्यात अडकवलेली मजबूत दोरी कठड्यात किंवा दोरखंडात गुंतल्यास गळ्याला फास बसू शकतो, म्हणून गळ्यातच घालायची असेल तर झटक्याने आपोआप उघडणारा जोड असलेली दोरी निवडावी. चष्म्याच्या दांड्यांना जोडणारी मागची दोरी मात्र सैल न ठेवता डोक्याला लागूनच असावी.

दोरी तुटली किंवा बांधायची राहिली, तरी वस्तू तरंगली तर तिला जाळीने किंवा हाताने उचलता येते. पाण्यात बुडालेल्या वस्तूवर तिने बाजूला सारलेल्या पाण्याच्या वजनाइतका वरच्या दिशेने रेटा पडतो, हा आर्किमिडीजचा नियम. 200 ग्रॅमच्या मोबाईलचे आकारमान साधारण 95 घनसेंटिमीटर असते, म्हणजे तो सुमारे 100 ग्रॅम समुद्राचे पाणी बाजूला सारतो. उरलेल्या 100 ग्रॅमचा भार उचलायला त्याच्या जलरोधक पाकिटात किमान 100 घनसेंटिमीटर हवा कोंडलेली हवी. 60 ग्रॅमच्या किल्ल्यांच्या जुडग्याला हाच हिशेब लावल्यास सुमारे पाच सेंटिमीटर व्यासाचा, म्हणजे मोठ्या लिंबाएवढा, बुचाच्या लाकडाचा गोळा जेमतेम पुरतो. बाजारात मिळणारे अनेक तरंगते छल्ले याहून लहान असतात, आणि एका किल्लीला पुरणारा छल्ला पाच किल्ल्यांना घेऊन बुडतो. नारळी पौर्णिमेला सागराला अर्पण केलेला नारळ तरंगतो तोही आत कोंडलेल्या हवेमुळेच.

म्हणून छल्ला किंवा पाकीट विकत घेतल्यावर ते सगळ्या किल्ल्यांसह किंवा मोबाईलच्या वजनाच्या एखाद्या बिनकामाच्या वस्तूसह घरच्या बादलीत सोडून पाहावे. गोडे पाणी समुद्राच्या पाण्यापेक्षा किंचित हलके असल्याने बादलीत जे तरंगते ते बंदरातही तरंगते. मात्र शिवणीतून पाणी हळूहळू शिरते, तेव्हा पाकीट निदान अर्धा तास तसेच बादलीत राहू द्यावे आणि नंतर आतला भाग कोरडा आहे की नाही ते उघडून पाहावे.